पाचवीचे चष्मे

१

पाचवीच्या वर्गातलं लोखंडी कपाट उघडलं आणि शिपाईमामा तसेच उभे राहिले. वरच्या खणात रोज पत्र्याचा एक ट्रे असायचा आणि ट्रेमध्ये मुलांचे चष्मे. आज ट्रे जागेवर होता. चष्मा एकही नव्हता.

"बाई, तुम्ही काढून ठेवलेत का?"

वर्गशिक्षिका फळ्यावर तारीख लिहीत होती. ती धावत आली. ट्रे रिकामा आहे हे दिसत असतानाही तिने त्यात हात फिरवून पाहिला आणि मग मटकन शेजारच्या बाकावर बसली.

चष्मे शाळेत ठेवायची रीत फक्त याच शाळेची. एका भल्या चष्मेवाल्याने अर्ध्याअधिक वर्गाला फुकट चष्मे करून दिले होते, सगळे एकसारखे, काळ्या काडीचे. पहिल्या दोन महिन्यांतच त्यांची वाट लागली. कुणाच्या धाकट्या भावाने काडी मोडली, कुणाचा गादीखाली चेपला, कुणाचा तर घरच्यांनी आजोबांना देऊन टाकला. तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं: सकाळी ट्रेमधून नाकावर, सुटताना नाकावरून ट्रेमध्ये. बाकीच्या शाळा हसल्या, पण चष्मे टिकले.

आणि ते आजच गेले होते. आजच, म्हणजे वाचनाच्या परीक्षेच्या दिवशी.

ही परीक्षा साधीसुधी नव्हती. पालिकेच्या शाळांचं काय करायचं, यावरून वर्षभर शहरात रान उठलं होतं. एक बाजू म्हणत होती, या शाळा म्हणजे मुलांचे कोंडवाडे झालेत, द्या एखाद्या चांगल्या संस्थेच्या हातात. दुसरी म्हणत होती, गरिबांची शाळा विकायला काढलीत, लाज वाटू द्या. दोन्हीकडची मंडळी सभांमधून घसा कोरडा करत होती, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती पोरं खिडकीबाहेर बघत बसली होती. शेवटी एकाच गोष्टीवर दोघांचं जमलं. या शाळेच्या पाचवीला वाचायला लावायचं. वाचता आलं तर शाळा पालिकेकडे राहील. नाही आलं तर संस्थेकडे जाईल.

परीक्षा घ्यायला निवृत्त तपासनीस बाईंना बोलावलं होतं. शिक्षकांत त्यांचं नाव 'करडी' असं पडलं होतं, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर विश्वास होता, कारण दोन्ही बाजू त्यांना टरकून होत्या.

करडी फाटकाशी पोचली तेव्हा पालकांचा घोळका आधीच तापला होता. "चष्मे चोरले! संस्थेने आमच्या पोरांचे चष्मे चोरले!"

२

मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. गळ्यातल्या साखळीला लटकणारा स्वतःचा चष्मा त्या बोटांनी सारख्या फिरवत होत्या. आयुष्य याच इमारतीत गेलेलं. शाळेत कुठली फरशी हलते हेसुद्धा त्या डोळे मिटून सांगू शकल्या असत्या.

"परीक्षा पुढे ढकला," त्या म्हणाल्या. "दुसरा काय इलाज आहे?"

"चष्म्याशिवाय वाचताच येणार नाही म्हणता?"

"कसं येईल? तुम्ही शिकल्यासवरलेल्या, तुम्हाला का सांगायला हवं? पान समोर धरावं आणि नुसतं धुकं दिसावं. अक्षरं मुंग्यांसारखी पळतात हो. त्या अवस्थेत मुलांना उभं करून नापास म्हणायचं? हा अन्याय आहे."

करडीला वाईट वाटलं. शाळेसाठी इतकं तळमळणारं माणूस तिने पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

"किल्ली कुणाकडे असते?"

"मामांकडे जुडगा असतो. संध्याकाळी इथे खिळ्याला अडकवून जातात. खोली उघडीच असते. कुणीही घ्यावी, कुणीही ठेवावी."

फोन वाजला. शाळेचा निर्णय घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. आवाजात घाई आणि थोडी भीती. "बाई, दुपारी शाळेच्या सभागृहात सभा आहे. लोक चिडलेत. परीक्षा घ्या नाहीतर पुढे ढकला, पण कारण असं द्या की कुणाला तोंड उघडता येऊ नये."

"दुपारपर्यंत सांगते," करडी म्हणाली.

ती खोलीबाहेर आली. जिन्यावरून एक बारीकशी मुलगी भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत उतरत होती. वर्गात तिला सगळे बारकी म्हणत. बारकीने मान वर केली, आणि करडी जागच्या जागी थांबली.

मुलीच्या नाकावर काळ्या काडीचा चष्मा होता.

३

"हा कुठे मिळाला तुला?"

"माझाच आहे." बारकीने दोन्ही हातांनी काड्या धरल्या, जणू आता हाही कुणी नेईल.

"तुझाच गं. पण ट्रेमध्ये तर एकही नव्हता."

"ट्रेमध्ये नव्हता. माझ्या बाकात होता. आतल्या कप्प्यात, रुमालावर."

"काल तू ठेवलास?"

"नाही. मी ट्रेमध्येच ठेवते. बाई रागावतात ना नाहीतर."

काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड होत्या. शेजारून जाणाऱ्या मामांनी आपणहून सांगितलं, की गेल्या वर्षी चष्मा नसताना ही पोर याच जिन्यावरून गडगडली होती, पुढचा दात गेला होता.

म्हणजे चोराने सगळे चष्मे उचलले, त्यातला एक बाजूला काढला, आणि ज्या मुलीचा होता तिच्याच बाकात नेऊन ठेवला. खाली रुमाल अंथरून! असला चोर करडीने जन्मात पाहिला नव्हता.

पहिल्या मजल्यावर संस्थेचे साहेब सापडले. गोरागोमटा, इस्त्रीतला तरुण माणूस. त्याच्या हातात मोजपट्टी होती आणि तो रिकाम्या वर्गाची भिंत मोजत होता.

"निकाल लागायच्या आधीच मापं घेताय?"

साहेब ओशाळला, पण क्षणभरच. "बाई, खरं सांगू? मला चष्मे चोरायची गरज काय? इथलं हे छत बघा. दोन शिक्षकांच्या जागा कित्येक वर्षं रिकाम्या. एकच बाई दोन वर्ग सांभाळते. या मुलांना आम्ही चांगली शाळा देऊ."

"तुम्ही पाचवीच्या मुलांना भेटलात कधी?"

"मुलांना? अजून तशी वेळ नाही आली."

निदान खोटं तरी बोलला नाही, असं करडीच्या मनात आलं.

फाटकाशी युनियनवाले सर पालकांना घोषणा शिकवत होते. त्यांचं बोलणं इतकं दणदणीत, की प्रश्न विचारायलाही जागा मिळेना. "उघड आहे! ज्याचा फायदा, त्याचं काम!"

"सर, तुमची ती बारकी आहे ना, पाचवीतली..."

"कोण बारकी? मी वरच्या वर्गांना असतो. आणि सध्या असतो कुठे, आंदोलनातच सगळा वेळ जातो. पोरांची नावं पाठ करायला सवड कुणाला?"

मग राहिली वर्गशिक्षिका. जूनमध्येच नव्याने लागलेली, स्वतःच्या नाकावरही जाड चष्मा. तिने डोळे पुसले, चष्मा घातला, परत काढून पुसला.

"आता फळ्यावरचं काय दिसणार त्यांना? आधीच पुढच्या बाकांसाठी भांडणं होतात."

"आणि आजची परीक्षा?"

शिक्षिकेचा चेहरा असा काही उतरला, की कुठेतरी पाणी मुरतंय हे करडीला कळून चुकलं.

"परीक्षा झाली नाही तर बरंच होईल," ती अगदी हळू म्हणाली. "मला याहून जास्त विचारू नका, बाई. पाया पडते."

४

करडी पाचवीच्या वर्गात गेली. मुलं उठून उभी राहिली आणि एका सुरात नमस्कार म्हणाली. सूर फार छान लागला होता. इतका छान, की तिच्यातली जुनी तपासनीस सावध झाली. जिथे मुलं सगळं एका सुरात म्हणतात तिथे एकेकट्याला उभं करून बघावं, हे तिने नोकरीत शिकलेलं होतं.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी क्षणभर स्वस्थ बसत नव्हती. तिला भिंगरी म्हणत. चष्मा नसल्याने फळ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. मधूनच तिने पायातला काटा काढायला पाऊल मांडीवर घेतलं आणि नखांच्या चिमटीत तो इवलासा काटा पहिल्याच झटक्यात पकडला.

करडी बघतच राहिली. नकळत तिचा हात स्वतःच्या चष्म्याकडे गेला. लहानपणापासून तिच्या नाकावर चष्मा होता. लांबचा माणूस ओळखायला तो लागायचाच. पण सुईत दोरा ओवायचा असला, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची असली, की ती तो काढून बाजूला ठेवायची. तिच्यासारख्यांना लांबचं दिसत नाही. जवळचं लख्ख दिसतं.

"भिंगरे, इकडे ये. हे परीक्षेचं वाचनकार्ड धर. तुला हवं तसं धर."

मुलीने कार्ड नाकाजवळ आणलं. डोळे बारीक केले नाहीत.

"दिसतंय?"

"हो."

"नीट दिसतंय? अक्षरं पळत नाहीत ना?"

भिंगरीला हसू आलं. "अक्षरं कशाला पळतील?"

"मग वाच."

भिंगरी वाचू लागली. "पा... ऊ... स... प... ड... ला." प्रत्येक अक्षर बरोबर. कानासुद्धा बरोबर ओळखत होती. शेवटाला येऊन ती थांबली आणि करडीच्या तोंडाकडे बघू लागली.

"मग काय झालं?" करडीने विचारलं. "काय लिहिलंय?"

"ते नाही माहीत."

"आत्ताच वाचलंस की."

"अक्षरं वाचली," भिंगरी म्हणाली. "तुम्ही एकदा सगळं म्हणून दाखवा ना, मग मी पाठ करते."

करडीने दुसऱ्या मुलाला बोलावलं, मग तिसऱ्याला. ज्यांना चष्मा कधीच लागला नव्हता त्यांनाही बोलावलं. दोघं-तिघं अडखळत वाक्यापर्यंत पोचले. बारकी तेवढी वाचू शकली, हळू आवाजात, चुका सुधारत. बाकीचा वर्ग अक्षरांच्या ढिगाशी येऊन थांबत होता. मागे वर्गशिक्षिका भिंतीला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली होती.

वर्षभर शहर ज्यांच्या नावाने भांडत होतं, त्या पोरांना पाच वर्षांत 'पाऊस पडला' एवढंही कुणी वाचायला शिकवलं नव्हतं.

आणि चष्मे कुणी लपवले, तेही आता तिला कळलं होतं.

५

तिने मोठ्या बाईंच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"एक गंमत करू," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात गंमत नव्हती. स्वतःचा चष्मा काढून तिने टेबलावर ठेवला, कार्ड जवळ घेतलं आणि सगळं खडाखडा वाचून दाखवलं. मग कार्ड पुढे केलं. "आता तुम्ही. साखळीला हात न लावता."

मोठ्या बाईंनी कार्ड घेतलं. हात आपोआप लांब गेला, अजून लांब गेला. ओठ हलले, शब्द फुटला नाही.

"धुकं दिसतं ना?" करडी म्हणाली. "सकाळी तुम्ही मला जे सांगितलंत ते मुलांचं नव्हतं, तुमचं होतं. चाळिशी लागलेल्या माणसाला चष्म्याशिवाय पान दिसत नाही. त्या मुलांना फळा दिसत नाही, पान दिसतं. चष्मे गेले म्हणून वाचन अडलं, असं कुणाला वाटेल? ज्याचं स्वतःचं अडतं त्याला."

"हे कुणालाही वाटू शकतं."

"वाटू शकतं. म्हणून मी बारकीचा विचार केला. संस्थेच्या साहेबाला ती कोण, कुठे बसते, काही माहीत नाही. युनियनवाल्या सरांना तर नावही माहीत नाही. एकसारख्या चष्म्यांतून तिचा ओळखायचा आणि तिच्याच बाकात ठेवायचा, हे तिच्यावर माया असलेल्यालाच जमेल. मामाही तिला ओळखतात, पण मुलांना वाचता येतं की नाही याची धास्ती मामांना कशाला? राहिल्या दोघीच. त्यातली वर्गशिक्षिका माझ्यासारखीच, जवळचं दिसणारी. ती म्हणाली, फळ्याचं काय होणार. पानाबद्दल चकार शब्द नाही. आणि माझा हा चष्मा बघूनही असली थाप पचेल असं तिला कधीच वाटलं नसतं."

मोठ्या बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. मग त्यांनी खुर्चीमागची पिशवी ओढली. आत शालीत गुंडाळून, एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये मध्ये कापसाच्या घड्या घालून, सगळे चष्मे होते.

"गेल्या वर्षी बारकी पडली तेव्हा तिच्या तोंडातलं रक्त मी पुसलं," त्या म्हणाल्या. "तिचा न्यायला हात धजेना."

"का केलंत हे?"

"नव्या बाईंनी पहिल्याच महिन्यात येऊन सांगितलं, मुलांना वाचता येत नाही. मी म्हटलं, आधी कविता पाठ करून घ्या, पाहुणे आले की उपयोगी पडतात." त्या हसायला गेल्या, जमलं नाही. "दोन शिक्षक कमी. एक बाई दोन वर्गांत धावतेय. मी अर्ज करून करून थकले. मला वाटलं, परीक्षा पुढे गेली तर तेवढ्या वेळात मी स्वतः बसून शिकवीन. आज मुलांना वाचायला लावलं असतं तर शाळा गेली असती. संस्था घेताना परीक्षा घेणार, नापास पोरांना पुलापलीकडच्या शाळेत पाठवणार. बारकी तो रस्ता ओलांडणार कशी?"

"आणि तेवढ्या वेळात नसतं जमलं तर?"

"तुम्ही सांगून टाका, चष्मे चोरीला गेले," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले. "बाहेर सगळे तेच म्हणतायत. शाळा वाचेल."

करडी खिडकीपाशी गेली. मोह झाला, नाही असं नाही. एका वाक्याने शाळा वाचत होती. पण वर्गात उभी राहून 'तुम्ही म्हणून दाखवा, मग मी पाठ करते' म्हणणारी ती पोर तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. माझ्या तोंडून ते आरोप होईल."

६

सभागृह गच्च भरलं होतं. मोठ्या बाई उभ्या राहिल्या तेव्हा टाळ्या वाजल्या. त्यांनी शाल टेबलावर सोडली आणि चष्मे उघडे केले. टाळ्या विरून गेल्या.

"हे मी लपवले होते. पाचवीला वाचता येत नाही. ते झाकायला लपवले."

"बाईंवर दबाव आणलाय!" युनियनवाले सर ओरडले.

"नाही हो सर. बसा खाली."

संस्थेचा साहेब उठला. चेहरा गंभीर ठेवायचा त्याने प्रयत्न केला. "आम्ही पहिल्यापासून हेच सांगत होतो. म्हणूनच ही शाळा..."

"या वर्गातली सगळी मुलं घेणार का तुम्ही?" करडीने मध्येच विचारलं. "एकही न वगळता?"

"आमची प्रवेशाची एक चाचणी असते."

"कसली?"

साहेब थोडा घुटमळला. "वाचनाची."

मागून कुणीतरी हसलं. करडी उठली आणि समितीला काय लिहून देणार ते तिने तिथेच सांगितलं. मुलांना वाचता येत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. शाळा कुणाला द्यायची तर सगळ्या मुलांसकट द्या, एकही वगळायचं नाही. ठेवायची असेल तर रिकाम्या जागा आधी भरा. मोठ्या बाईंची चौकशी होईल आणि ती व्हायलाच हवी. दोन्ही बाजूंना यातलं काहीच आवडलं नाही. पुन्हा गलका सुरू झाला. कोण कुणाला चोर म्हणतंय तेही कळेना.

त्या गलक्यात भिंगरीची आई उभी राहिली. दवाखान्यात लादी पुसायचं काम करायची, तशीच कामावरून आली होती. ती ओरडली नाही. नुसती उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. शेवटी लोक आपोआप गप्प झाले.

"ही मला रोज पुस्तक वाचून दाखवते," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही. मी भाकरीचं... मी चुलीपाशी बसते, ही वाचते. पान तेच असतं, बदकाचं चित्र आहे त्यावर. आणि गोष्ट रोज नवीन निघते. कधी बदक राजाकडे जातं, कधी समुद्रावर जातं. मला वाटायचं, एका पानात केवढं लिहिलेलं असतं. मी शेजारच्या बायकांना सांगायची."

भिंगरी आईच्या पदराआड गेली होती. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून पुस्तक काढून मोठ्या बाईंपुढे धरलं.

"शाळा कुणाची ते तुम्ही ठरवा. मला त्यातलं कळत नाही. या पानावर खरं काय लिहिलंय तेवढं एकदा वाचून दाखवा."

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तळ्यात एक बदक आहे," त्यांनी वाचलं. "बदक पांढरे आहे. बदक पोहते."

भिंगरीची आई पुढच्या ओळीची वाट बघत राहिली. सभागृहही थांबलं होतं. मोठ्या बाईंनी पुस्तक खाली घेतलं.

"एवढंच?" भिंगरीच्या आईने विचारलं.

"एवढंच," मोठ्या बाई म्हणाल्या.